फलाट क्रमांक तीन

आमच्या अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर रोज सकाळी मंद्रूपची एस.टी. येते.

हे सांगितलं की पाहुणे हसतात. मग चहा पिताना शेजारच्या गॅलरीतून खणखणीत आवाज येतो, "मंद्रूपकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी," आणि त्यांच्या बशीतला चहा मांडीवर सांडतो. माझ्या सासूबाई मोडनिंबच्या. पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मंद्रूपच्या मागोमाग मोडनिंबची गाडी लागल्याचं ऐकून त्या पिशवी घेऊनच उठल्या. "बरं झालं गं, दारातनंच गाडी हाय. स्टँडवर जायचा ताप वाचला," म्हणाल्या. ती गाडी नसून कबुतर आहे हे त्यांना पटवून देईपर्यंत माझी तव्यावरची भाकरी करपली.

कबुतरांना एस.टी.च्या गाड्यांची नावं देणारा हा गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी, कंट्रोलरसाहेब. खरं नाव शिवशरण बिराजदार, पण ते पोस्टमन सोडला तर कुणाच्या तोंडात नाही. नोकरी एस.टी.त, वाहतूक नियंत्रकाची. स्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कधी सोडायची, आणि माइकवरून पुकारा करायचा, यात त्यांची उमर गेली. रिटायर झाले तेव्हा माइक स्टँडवरच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. साधं बोलताना आपल्या सोलापूरचं "हाय, न्हाय, लई" चालतं, पण गॅलरीत उभे राहिले की जीभ सरळ होते आणि थेट छापील मराठी सुरू होतं. मधल्या भिंतीपलीकडे मी कपडे वाळत घालत असले तरी मला उगीच तिकीट काढावंसं वाटतं.

घरात ते आणि त्यांच्या पत्नी महानंदाबाई, दोघंच. मुलगा पुण्याला. बाई पूर्वी कुठल्याशा खेड्यात शिक्षिका होत्या आणि आता त्यांची तब्येत बरी नसते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ही मंडळी इथं राहायला आल्यापासून बाईंना कुणी जिन्यात पाहिलं नव्हतं. मी कधी चटणी, कधी धपाटं घेऊन गेले की साहेब दार अर्धं उघडून वाटी घेत, धुऊन परत देत, आणि "बाई झोपल्यात" म्हणत. आतून कधी कधी गुणगुणल्याचा आवाज यायचा. झोपेत इतकं सुरात कोण गुणगुणतं, असा प्रश्न मला पडायचा, पण लोकांच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही. म्हणजे असली तरी दार अर्धंच उघडायचं.

साहेबांचं सगळंच उलटं. आपण घरी आलो की बाहेरचे कपडे काढून घरचे घालतो. साहेब घरात कडक इस्त्रीचा खाकी युनिफॉर्म घालतात, आणि बाहेर भाजी आणायला निघाले की तो काढून चौकड्यांचा शर्ट आणि पायजमा चढवतात. परत आले की पुन्हा खाकी. सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा माणसाला अंगावरचं कातडंसुद्धा नको होतं, तेव्हा हा माणूस आपल्याच घरात गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेला. माझा नवरा सुधीर म्हणायचा, "नोकरीचं भूत उतरत नाही एकेकाच्या अंगावरनं." मला वाटायचं, भूत असतं तर बाजारातही गेलं असतं की.

गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी ऑइलपेंटनं आकडे घातलेत. ते फलाट. खाली मातीच्या पसरट परळात पाणी. आमच्याकडे नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, अंघोळीला आम्ही मगानं मोजून पाणी घेतो, पण परळ कोरडा पडलेला मी कधी पाहिला नाही. दाणे ज्वारीचे, तेही चांगल्या मालदांडीचे. एकदा मी उरलेले तांदूळ द्यायला गेले तर म्हणाले, "वैनी, सोलापूरचं कबुतर हाय. भात खाऊन सुस्तावतंय. नोंद घ्यावी."

"नोंद घ्यावी" हे त्यांचं कशालाही. दूधवाल्यानं पाणी घातलं, नोंद घ्यावी. वैनी, आपल्या जिन्यातला दिवा गेलाय, नोंद घ्यावी. सुधीरनं मिशी काढली त्या दिवशी साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नुसतं "नोंद घेतली" म्हणून वर गेले. सुधीरनं लगेच मिशी वाढवायला घेतली.

गाड्यांचे स्वभाव त्यांना पाठ. मोडनिंब हा नर, अंगानं दणकट, छाती पुढे काढून कठड्यावर गोल गोल फिरणार, घुमणार आणि सगळ्यांची वाट अडवणार. "हायवेची गाडी. मिजास लई," असं साहेबांचं मत. वेळापूर कायम लेट. बाकीची टिपून गेली की ही येणार आणि रिकाम्या कठड्याकडे बघत बसणार. साहेब तिच्यासाठी खिशात मूठभर दाणे राखून ठेवतात, पण देण्यापूर्वी उशिराचं कारण विचारतात. आणि मंद्रूप. पांढरीधोप, पाठीवर विटकरी शिंतोडे, लाल पाय. शेकड्यात उठून दिसेल अशी. वेळेची पक्की. बाकी सगळे फलाट मोकळे असले तरी तीन नंबरवरच उतरणार, कारण तिचे दाणे तिथंच असतात. तिच्या पुकाऱ्याला साहेबांचा आवाज जरा जास्तच लागायचा, आणि पुकारा झाला की ते लगेच मागे वळून घरात बघायचे. तेव्हा मला वाटायचं, आपला आवाज आतपर्यंत पोचला का ते बघत असतील. सवयीनं.

आता माझी बाजू सांगते. मी घरगुती पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेते. उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने गच्ची म्हणजे माझा कारखाना. साड्यांवर कुरडया घालून मी खाली येते न येते तोच सगळा डेपो गच्चीवर उतरतो. खातात कमी आणि चालतात जास्त. ओल्या कुरडईवर उमटलेली कबुतराची नक्षी कुठल्या गिऱ्हाइकाला मी कशी विकू? मी काठी घेऊन धावायची, आणि खालून साहेब ओरडायचे, "वैनी, प्रवाशांशी सौजन्यानं वागा!"

एका मार्चमध्ये तर कहर झाला. माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या वाळलेल्या कुंडीत एका जोडीनं चार काड्या टाकल्या आणि त्याला घरटं म्हणून अंडी घातली. मी कुंडी उचलायला गेले तर साहेब मधल्या भिंतीवरून अर्धे माझ्या गॅलरीत आले.

"हात लावू नका. मुक्कामी गाडी हाय."

"माझ्या कुंडीत?"

"मुक्काम कुटं बी पडतोय वैनी. सकाळी सुटंल की."

सकाळी कसली सुटते! दीड महिना गेला. पण त्या दीड महिन्यात रोज चहाचा कप घेऊन मी त्या कुंडीशी बसायला लागले, हे खरं. आणि भिंतीपलीकडून साहेबांचं प्रवचन. सकाळ चढली की मादी उठायची, नर येऊन बसायचा, दिवसभर बसायचा. संध्याकाळकडे मादी परत. "ड्युटी बदलली बगा," साहेब म्हणायचे. "चार्ज घेतल्याबिगर पहिला उठत न्हाय. आमच्या डेपोत असं एक माणूस दाखवा." पिल्लं निघाली तेव्हा कळलं की कबुतराच्या गळ्यात दूध तयार होतं आणि ते आई पाजते तसा बापही पाजतो. हे साहेबांनी मुद्दाम सुधीर गॅलरीत असताना मोठ्यानं सांगितलं, आणि नोंद घ्यायला लावली.

"पाणी पिताना बघा," ते म्हणाले एकदा. "चिमणी, कावळा चोच भरून मान वर करतंय. ह्ये बघा, चोच घातली की सरळ ओढतंय. रसवंतीवर आपण ओढतो तसं." मी बघितलं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हजारो कबुतरं पाहिली असतील, पण पाणी पिताना एकही पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, मान बघा. ऊन तिरपं आलं होतं. कबुतरानं मान वळवली तशी करडी मान हिरवी झाली, मग जांभळी, मग पुन्हा हिरवी. "डेपोत डिझेल सांडलेलं असायचं. त्याच्यावर पाणी पडलं की असाच रंग यायचा. लोकं पाय सांभाळत जायची. मी बघत उभा राहायचो," साहेब म्हणाले. मला आईच्या पेटीतली धूपछाव इरकल साडी आठवली. पण रोज ज्याला आपण हाड्‌ हाड्‌ करतो त्याच्या अंगावर हे असतं, याचं मला खरोखर नवल वाटलं.

साहेबांचं सगळंच खरं मानायचं असं नाही. कबुतराला मराठीपेक्षा कन्नड जास्त कळतं, असा त्यांचा दावा. ते स्वतः अक्कलकोटच्या बाजूचे, म्हणून पाखरांना "बर्री, बर्री" म्हणून आदरानं बोलावतात, म्हणजे "यावं, यावं". मोडनिंबला कन्नड कसं येतं, असं विचारलं तर म्हणाले, "बदलीवर हाय." गुरुवारी पिठाची गिरणी बंद असते, त्या दिवशी कबुतरं तिकडे फिरकत नाहीत, हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

एकदा ते म्हणाले, कबुतर माणूस ओळखतं. मी म्हटलं, तुमची खाकी ओळखत असेल. झालं. साहेबांना ते इतकं लागलं की रविवारी गच्चीवर परीक्षाच ठरली. सुधीरला साहेबांचा जादा युनिफॉर्म घातला. पोटावरची बटणं लागेनात, तिथं मी सेफ्टीपिना मारल्या. सुधीरनं ज्वारी पसरली आणि लाजत लाजत "बर्री, बर्री" म्हणाला. सगळा डेपो पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसलेला. आधी एका डोळ्यानं त्याला बघितलं, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं. एकही खाली येईना. विनातिकीट प्रवासी पकडल्यावर बघतात तसं बघत होते. सुधीर म्हणाला, "आता उतरवा मला, पिना टोचतायत."

मग साहेब जिन्यातून आले. लुंगी, बनियन, त्यावर माझ्या मुलीचा गुलाबी रेनकोट, डोक्यावर सुधीरचं हेल्मेट. काच वर. हाक नाही, दाणा नाही, नुसते येऊन उभे राहिले. दुसऱ्या क्षणाला टाकी रिकामी. खांद्यावर मोडनिंब, हेल्मेटवर कोण कोण, आणि मंद्रूप पायाशी येऊन वर त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. आम्ही पोट धरधरून हसलो.

साहेबही हसत होते. "बघितलं वैनी? कपड्यावर न्हाय जात ते. चेहरा बघतंय. काय बी घाला, कसं बी या, आपलं माणूस ते ओळखतंय." मग मंद्रूपकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "लई मोठी गोष्ट हाय ती." हेल्मेट काढून सुधीरच्या हातात दिलं आणि खाली निघून गेले. नोंद घ्यावी म्हणायचं विसरले, म्हणून ते मला आठवतंय.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीनं जाळी बसवायचं ठरवलं. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग झाली. स्कूटरी घाण होतात, गॅलऱ्या धुवायला पाणी नाही, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचा खोकला जात नाही, तक्रारी सगळ्या खऱ्या होत्या. सुधीर सेक्रेटरी. मीही जाळीच्याच बाजूची. कबुतराची मान कितीही सुंदर असली तरी माझ्या कुरडयांवर ती मान नको होती.

साहेब उभे राहिले. चौकड्यांच्या शर्टात ते कसनुसेच दिसायचे. "सगळीकडं लावा," म्हणाले. "गच्चीवर लावा, डक्टला लावा. माझी एक गॅलरी तेवढी सोडा."

"एक सोडली की सगळी तिथंच बसणार हो साहेब," कुणीतरी म्हणालं. "जाळीवाला वरपासून खालपर्यंत एकच तुकडा सोडतो. मधे भोक ठेवायचं कसं?"

"मी रोज धुतो. खालच्यांच्या स्कूटरी बी पुसतो."

"पण कशासाठी? सवय मोडा की आता. रिटायर झालाय तुम्ही."

साहेबांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले, "गाडी बंद करता येत न्हाय." सगळे हसले. त्यांचा विनोदच वाटला सगळ्यांना, मलासुद्धा. हात वर झाले, ठराव झाला. साहेब खुर्ची उचलून भिंतीला लावून वर गेले.

जाळीवाले दुपारी येतो म्हणाले होते, ते सकाळीच आले. साहेब ज्वारी आणायला बाहेर पडले होते. गच्चीवरून दोर सुटले, निळसर जाळीचा पडदा आमच्या गॅलऱ्यांवरून खाली उतरला, आणि दोराला लटकलेला माणूस कडांना खिळे मारत बसला. मी कचऱ्याची बादली घेऊन खाली निघाले तर जिन्याच्या मधल्या वळणावर एक बाई उभ्या.

सुती साडी, निऱ्या चापूनचोपून, खांद्याला पर्स, हातात छत्री. केस पांढरे, नीट विंचरलेले. पायात चप्पल मात्र एकच होती.

"अहो बाई," त्यांनी मला विचारलं, "मंद्रूपची गाडी गेली का हो?"

मी बादली पायरीवर ठेवली.

"अजून पुकारलं नाही आज. असं कधी होत नाही. पोरं वर्गात येऊन बसली असतील, चौथीची. दंगा करतात ती." त्यांनी माझा हात धरला. "कंट्रोलरसाहेबसुद्धा कुठं दिसत नाहीत. मी किती वेळ शोधतेय."

तेवढ्यात खालून साहेब आले. चौकड्यांचा शर्ट, एका हातात ज्वारीची पिशवी. बायकोला जिन्यात बघून ते दोन-दोन पायऱ्या चढत आले. "महानंदा," ते म्हणाले, "चल, घरात चल."

बाईंनी अंग चोरलं आणि माझ्या मागे सरकल्या. "हे गृहस्थ कोण?" माझ्या कानाशी म्हणाल्या. "ओळख ना पाळख, नावानं हाक मारतात."

साहेबांनी पिशवी पायरीवर ठेवली, आमच्या कडेनं अंग चोरून वर गेले. मला वाटलं चिडले. थोड्या वेळात परत आले ते खाकीत. घाईत एक बटण चुकलेलं, त्यामुळे कॉलर एका बाजूला वर गेलेली.

"बाई, वर चला," ते म्हणाले. आवाज स्टँडवरचा. "मंद्रूप गाडी थोडी उशिरानं येत आहे. वेटिंगमध्ये बसून घ्या."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "साहेब! होता कुठं तुम्ही? मला वाटलं आज गाडीच नाही." आणि त्यांच्या मागोमाग, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, निमूट वर चढल्या. मीही गेले. दार आज पहिल्यांदाच पूर्ण उघडं होतं.

खोलीत फारसं काही नव्हतं. गॅलरीच्या दाराशी एक वेताची खुर्ची, शेजारी स्टुलावर झाकलेली ताटली, भाकरी आणि शेंगाची चटणी. खुर्चीतून बरोबर तीन नंबरचा फलाट दिसत होता. आणि आता त्याच्यापुढे जाळी. जाळीपलीकडे पांढरी मंद्रूप येत होती, जवळ येऊन पंख फडफडवत हवेत थांबत होती, आणि समोरच्या टाकीवर परत जाऊन बसत होती. पुन्हा येत होती.

"पुकारा करा की साहेब," बाई उभ्यानंच म्हणाल्या. पर्स खांद्यालाच होती.

साहेब मला दाराशी घेऊन आले. हळू आवाजात, भिंतीकडे बघत बोलले. "मंद्रूपच्या शाळंत होती. रोज सकाळची गाडी. गाडी लागली की मी पुकारायचो, ती चढायची. लग्न तिथंच जमलं आमचं." मागे वळून बाईंकडे पाहिलं. "लग्न इसरली आता. पोरगं इसरली. मला बी इसरली. गाडी तेवढी न्हाय इसरली. आणि कंट्रोलर. गाडी लागली म्हटलं की बसती, दोन घास खाती. दिवस निघतोय."

"मग नुसतं पुकारा ना," मी म्हटलं.

"फलाट बघती ती. रिकामा दिसला की उठून निघती. खोटं सांगितलं म्हणून मग माझ्या हातचं पाणी बी घेत न्हाय दिवसभर." त्यांनी जाळीपलीकडे पाहिलं. "ते पाखरू मला रेनकोटात ओळखतंय वैनी. आणि हिला खाकी लागती. तरी बरं, खाकीत तरी ओळखती."

मला तिथं उभं राहवेना. घरी गेले आणि ऑर्डरीची पाकिटं कापायची मोठी कात्री घेऊन आले. साहेबांच्या गॅलरीत जाऊन तीन नंबरपुढची जाळी धरली आणि कापायला लागले. जाळी चिवट होती, पण माझे हात उडदाचं पीठ कुटलेले आहेत.

दोराला लटकलेला माणूस ओरडला, "ओ मॅडम, काय करायलाव? नवीन जाळी हाय की ती!"

खालून सुधीर ओरडला, "अगं, ठराव झालाय सोसायटीचा!"

"नोंद घेतली," मी ओरडले, आणि कापत राहिले. दारभर भोक पडलं तेव्हा थांबले.

मंद्रूप लगेच आली नाही. टाकीवरून तिनं एका डोळ्यानं भोक पाहिलं, मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. दोरावरचा परका माणूस पाहिला, माझ्या हातातली कात्री पाहिली. मी कात्री पदराखाली घेतली आणि मागे आत सरले. मग साहेब पुढे गेले. दाणे टाकले नाहीत, हात केला नाही. भोकाशी तोंड नेऊन उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "बर्री."

ती उडाली. सरळ आली, भोकाशी पंख अंगाशी मिटले आणि जाळीच्या एका दोऱ्यालाही न लागता आत येऊन तीन नंबरवर उतरली. ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. पांढऱ्या मानेतसुद्धा तो हिरवा-जांभळा रंग असतो, नीट बघितलं तर. ती साहेबांच्या तोंडाकडे बघत होती आणि साहेब मागे वळून बायकोकडे.

त्यांनी पुकारा करायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. ओठ हलत होते, पण ज्या आवाजानं सगळं अपार्टमेंट हलायचं तो कुठं अडकला कुणास ठाऊक. बाई त्यांच्याकडे बघत ताटकळत उभ्या.

मग मीच गॅलरीच्या दारात उभी राहिले. जन्मात कधी माइक धरला नाही. पण इतकी वर्षं रोज ऐकलेलं पाठ होतं. "मंद्रूपकडे जाणारी गाडी," मी म्हणाले, "फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

खाली पार्किंगमध्ये सगळ्यांनी माना वर केल्या. दोरावरच्या माणसानं हातोडी थांबवली.

महानंदाबाईंनी फलाटाकडे पाहिलं. मान डोलावली. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेतली, छत्री पायाशी आडवी ठेवली. मी ताटली पुढे केली तर भाकरीचा एक तुकडा मोडला आणि चटणीला लावला. खाता खाता त्यांची नजर साहेबांकडे गेली. चुकलेल्या बटणाच्या खाकीत ते अजून तसेच उभे होते.

"साहेब," त्या मायेनं म्हणाल्या, "सकाळपासून उभे आहात हो तुम्ही. घरी जावा की आता. मिसेस वाट बघत असतील."

साहेबांनी चुकलेलं बटण काढून नीट लावलं.

"व्हय बाई," ते म्हणाले. "ही गाडी सुटली की जातोच."